मधल्या बोटाचं नख : नर्सिंग कॉलेजातलं एक प्रकरण

फेब्रुवारीतला सोमवार, सकाळचे पावणेआठ. बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात जीएनएम या नर्सिंगच्या डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाच्या मुली रांगेत उभ्या होत्या. मिडवायफरीच्या, म्हणजे बाळंतपणाच्या कामाच्या, पोस्टिंगचा पहिला दिवस. अशा दिवशी केस, ॲप्रन, घड्याळ आणि नखं बघायची ही आमच्याकडची जुनी पद्धत. "हात पुढे" म्हटलं की मुली आधी तळवे दाखवतात, मग हात पालथे करतात. रांगेतल्या आठव्या मुलीनं तळवे दाखवले आणि पालथे करायच्या वेळी मुठी मिटून घेतल्या.

तिच्या दहाही बोटांना जेलची एक्स्टेन्शन्स, म्हणजे खऱ्या नखांवर बसवलेली कृत्रिम नखं होती. बोटाच्या टोकापासून सहज दीड सेंटिमीटर पुढे आलेली, टोकाला निमुळती, फिक्या गुलाबी रंगाची. दोन्ही अनामिकांवर सोनेरी वर्ख आणि एकेक बारीक खडा. शनिवारी थोरल्या बहिणीचं लग्न झालं होतं, मनगटापर्यंतची मेंदी अजून गडद होती.

पुढचं सगळं चार-पाच मिनिटांत झालं. वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर बाहेर आल्या, नखं बघून संतापल्या. "ही नखं घेऊन तू बाळाला हात लावणार?" त्यांनी नेल कटर मागवला. कटरच्या तोंडात ती जाड नखं मावेनात. मग ड्रेसिंग ट्रॉलीवरची कात्री आली. कात्रीनं टोकं तुटली, पण वेडीवाकडी. उजव्या हाताच्या मधल्या बोटावरच्या जेलची कड एका बाजूनं सुटली होती, ती सिस्टरांनी आर्टरी फोर्सेप्सच्या चिमटीत धरली आणि ओढली. मुलगी "आई गं" म्हणत खाली बसली. जेलच्या थराबरोबर तिचं स्वतःचं नखही पुढून अर्ध्यापर्यंत उचललं गेलं होतं, आणि खालून रक्त येत होतं.

मी तीन फुटांवर उभी होते. त्या मुलींची ट्युटर मी, त्यांना इन्फेक्शन कंट्रोल शिकवणारीही मीच. मी सिस्टरांचा हात धरला नाही. "थांबा" एवढंसुद्धा म्हटलं नाही.

मुलीला वॉर्डात जाण्याजोगं करायचं म्हणून हा सगळा खटाटोप चालला होता, आणि त्यातूनच तिच्या बोटाला उघडी जखम झाली. हाताला उघडी जखम असेल तर लेबर रूममध्ये पाऊल टाकायचं नाही, हे आम्ही पहिल्या वर्षापासून शिकवतो. ती त्या दिवशी आत गेली नाही. पुढचे सात आठवडेही जाऊ शकली नाही.

हे प्रकरण मी हल्ली नव्या ट्युटरांसमोर मांडते. कॉलेजचं, गावाचं आणि माणसांचं नाव सांगत नाही, बाकी घडलं तसं सांगते.

आधीचे आठ दिवस

चौकशी म्हणावी अशी चौकशी आम्ही केलीच नव्हती. मी ती दुसऱ्या दिवशी केली, होस्टेलच्या खोलीत तिच्या कॉटवर बसून. तेव्हा जे कळलं ते व्हरांड्यातच एका प्रश्नात कळलं असतं.

पोस्टिंग मुळात बुधवारी सुरू होणार होतं. दुसऱ्या बॅचचं काही अडलं म्हणून आम्ही शनिवारी रात्री साडेदहाला ग्रुपवर मेसेज टाकला : सोमवारपासून या. त्या वेळी ही मुलगी बहिणीच्या पाठवणीत होती. नखं काढून घ्यायला तिनं मंगळवारी दुपारी चारची वेळ आधीच घेऊन ठेवली होती. पार्लरवालीचा तसा मेसेज तिनं मला मोबाइलवर दाखवला. रविवारी रात्री उशिरा ती होस्टेलवर पोचली. सकाळी तिला मैत्रिणी म्हणाल्या, एक दिवस ग्लोव्हज घालून चालवून ने. तिनं ते ऐकलं, ही तिची चूक. तिला नियम माहीत होता, तिसऱ्या वर्षाच्या मुलीला तो माहीत असतोच. आदल्या रात्री मला फोन करून "मॅडम, अशी अडचण आहे" एवढं ती म्हणाली असती तर मी तिला एक दिवस लेक्चर हॉलमध्ये बसवलं असतं. तिनं फोन का केला नाही, हे मी विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही रागावला असता." हे खरं होतं.

नखं मुळात लावली का, हेही मी विचारलं. मला वाटलं होतं, लग्न, फोटो, मैत्रिणींची चढाओढ. ते होतंच. पण तिनं आणखी एक सांगितलं. ती लहानपणापासून नखं खाते. परीक्षेच्या आधी तर बोटांची टोकं रक्ताळेपर्यंत. पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे धरताना ती बोटं आत वळवून धरते. मग मला आठवलं, माझ्यासमोर इंजेक्शन भरतानासुद्धा ती सिरिंज जराशी विचित्रच धरायची, आणि मी ते हात बसला नाही म्हणून सोडून दिलं होतं. जेलची नखं दातांनी तुटत नाहीत. आठ दिवस तिनं नखं खाल्ली नव्हती. "लग्नात पहिल्यांदा हात लपवला नाही मॅडम," ती म्हणाली.

खाल्लेली नखं, सोललेली कातडी, नखाच्या कडेला सतत ओली राहणारी चीर, हेही जंतूंना चांगलंच मानवतं. तीन वर्षं आम्ही तिची नखं तपासून "आखूड आहेत, ठीक" असा शेरा देत होतो. हात तपासणं म्हणजे लांबी तपासणं, इतकंच आमच्या डोळ्यांना कळत होतं.

सिस्टर का चिडल्या

इन्चार्ज सिस्टरांना या प्रकरणात खलनायिका करणं सोपं आहे. मी ते करणार नाही. पंचवीस-सव्वीस वर्षं त्या बाळंतिणींमध्ये काढलेल्या बाई आहेत. त्यांच्या तरुणपणी, दुसऱ्या एका हॉस्पिटलात, एकाच आठवड्यात दोन नवजात बाळं जंतुसंसर्गानं गेलेली त्यांनी पाहिली आहेत. त्यातल्या एकाच्या आजीनं आणलेलं झबलं त्यांनीच परत बांधून दिलं होतं. त्या संसर्गाचं मूळ कधी कळलं नाही. तेव्हापासून त्या हातांवर लक्ष ठेवून असतात.

आणि शास्त्र त्यांच्या बाजूनं आहे. अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीतल्या एका नवजात अतिदक्षता विभागात १९९७-९८च्या सुमारास सुडोमोनास एरुजिनोसा या जंतूची साथ पसरली. पंधरा महिन्यांत दाखल झालेल्या ४३९ बाळांपैकी ४६ जणांमध्ये तो जंतू सापडला आणि त्यातली १६ दगावली. तपासात दोन परिचारिकांचा संबंध पुढे आला. एकीची नखं लांब होती पण स्वतःची, दुसरीची लांब आणि कृत्रिम. संशोधकांनी सावधपणे लिहिलं की नखांचा वाटा असण्याची शक्यता दिसते, ते सिद्ध झालेलं नाही. मी मुलींना हे शेवटचं वाक्य मुद्दाम सांगते. पुरावा जेवढा आहे तेवढाच सांगितला की मुली पुढचं नीट ऐकतात. आणि दोघींपैकी एकीची नखं स्वतःची होती, हेही सांगते.

अमेरिकेच्या सीडीसीनं, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेनं, २००२ साली सांगितलं की अतिजोखमीच्या रुग्णांना हात लावणाऱ्यांनी कृत्रिम नखं लावू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९च्या हातांच्या स्वच्छतेच्या मार्गदर्शक सूचना त्याहून कडक आहेत : रुग्णाशी थेट संपर्क असेल तर कृत्रिम नखं नकोत, आणि स्वतःची नखं अर्ध्या सेंटिमीटरच्या आत ठेवा.

अर्धा सेंटिमीटर कुठून आला, हे समजायला स्वतःचा हात पुरतो. हँड रब, म्हणजे हात निर्जंतुक करायचा द्रव, तळव्यावर घेऊन सहा पायऱ्या करायच्या. शेवटची पायरी म्हणजे एका हाताच्या बोटांची टोकं जुळवून दुसऱ्या तळव्यात गोल फिरवायची. हातावर सगळ्यात जास्त जंतू नखांखालच्या फटीत असतात, तिथं द्रव पोचावा म्हणून ही पायरी आहे. दीड सेंटिमीटरची नखं असतील तर टोकं तळव्याला टेकतात ती नखांची. बोटाचं मांस वर तरंगत राहतं आणि फट कोरडीच राहते. शिवाय ग्लोव्ह. लेटेक्सच्या बोटात निमुळतं नख घातलं की टोकाला रबर पांढरं पडेपर्यंत ताणलं जातं. तपासणी करताना ते फाटलं तर कळतही नाही, आणि ते फाटतं कुठं, तर बाईच्या अंगात. बाळाची नाळ पुसताना, कानामागचा मळ काढताना, चिकटलेल्या पापण्या उघडताना बोटाची पेरं लागतात. बाळाची कातडी किती पातळ असते ते ज्यांनी हाताळलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

ग्लोव्हज घातले की झालं, या मैत्रिणींच्या सल्ल्याचं उत्तर इतकंच आहे.

केबिनमधले दोन तास

बुधवारी मुलीची आई आली. सोबत मामा. प्रिन्सिपॉल मॅडमच्या केबिनमध्ये आम्ही सहा जण बसलो. तिथं जे बोललं गेलं ते मला जवळजवळ शब्दशः आठवतं, कारण प्रत्येक जण नखांबद्दल बोलत होता आणि प्रत्येकाच्या मनात दुसरंच काहीतरी होतं.

प्रिन्सिपॉल मॅडम शिस्तीचं बोलल्या. नर्सिंगला येणाऱ्या मुलीला हे शोभत नाही, समाज आपल्याकडे बघत असतो, होस्टेलवरच्या मुलींबद्दल लोक काय बोलतात हे तुम्हाला ठाऊक आहे. पेशंटचा उल्लेख त्यात एकदाही आला नाही.

मामा मॅडमच्या बाजूचे निघाले. "मी तर आधीच म्हटलेलं, ही थेरं बंद करा."

मग आई बोलल्या. त्या गावात पिठाची गिरण चालवतात. मला वाटलं होतं त्या रडतील किंवा भांडतील. त्यांनी पदर सावरला आणि अगदी सावकाश सांगितलं, "पैसे मी दिले. भिशीतले पंधराशे. माझी नखं मॅडम, राखेनं भांडी घासून आणि शेणानं सारवून कधी वाढलीच नाहीत. भाकरी थापायला नखं चालतही नाहीत, पिठात अडकतात. पोरगीला हौस होती, मी म्हटलं कर चार दिवस. तिनं ती काढायचीच होती. तुम्ही काढा म्हणाला असता तर तिनं त्याच दिवशी काढली असती. ओढली कशाला?"

कुणाकडेच उत्तर नव्हतं. सिस्टर खाली बघत होत्या.

आईंच्या बोलण्यात चूक काय होती, हे मी नंतर पुष्कळ शोधलं. मला सापडली नाही. हातानं काम करणाऱ्या बाईचं नख कामाच्या मापाचं असतं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती; भाकरीचं उदाहरण त्यांनीच दिलं. चार दिवस काम नसलेला हात हवा, एवढीच हौस होती, आणि ती आईनं लेकीमार्फत पुरी करून घेतली होती.

केबिनबाहेर मुलींचीही चर्चा पेटलेली होतीच. वर्गात मी ती उघड होऊ दिली. एक म्हणाली, ड्युटीवर नियम पाळीन, पण सुट्टीत माझा हात माझा. दुसरी म्हणाली, आमच्याकडे हे केलं तर लग्न ठरायचं नाही. तिसरीनं मोबाइलवर फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनरचा फोटो काढून दाखवला. १९८८मध्ये १०.४९ सेकंदांत शंभर मीटर धावलेली बाई. तो विक्रम अजून मोडलेला नाही, आणि तिची रंगवलेली लांब नखं जगभर गाजली होती. "तिला नखांनी अडवलं का मॅडम?" प्रश्न चांगला होता. मी म्हटलं, नाही अडवलं. पण धावताना तिच्या बोटांखाली दुसऱ्या कुणाचं शरीर नव्हतं. तुझ्या बोटांखाली बाळंतीण आहे.

मग मागच्या बाकावरून वर्गातल्या चार मुलांपैकी एक उठला. एरवी तो फारसं बोलत नाही. "मॅडम, आमची नखं कुणी बघतच नाही," तो म्हणाला, आणि डावा हात वर केला. करंगळीचं नख चांगलं एक सेंटिमीटर वाढलेलं होतं.

ही गोष्ट आपल्याकडे इतकी रोजची आहे की दिसेनाशी झाली आहे. एका करंगळीचं नख राखणारे पुरुष कंडक्टरांत आहेत, दुकानदारांत आहेत, कार्यालयांत आहेत. आमच्या हॉस्पिटलच्या केसपेपरच्या खिडकीवर आहेत, आणि वॉर्डबॉयमध्येही. त्यानं कान कोरतात, पाकीट फोडतात. त्याला कुणी थेरं म्हणत नाही. पुण्याच्या श्रीधर चिल्लाळांनी १९५२पासून डाव्या हाताची नखं वाढवली. २०१८मध्ये न्यूयॉर्कमध्ये ती कापली तेव्हा पाच नखांची मिळून लांबी नऊ मीटरच्या वर भरली होती. त्या हाताची हालचाल कायमची गेली होती. जगानं ते विक्रम म्हणून पाहिलं, त्यांच्या चारित्र्याची चर्चा केल्याचं मी तरी ऐकलं नाही. त्या रांगेत आम्ही वीस मुलींची नखं पाहिली आणि चार मुलांना "तुम्ही आत जा" म्हटलं. करंगळीच्या नखासकट ते बाळंतिणींच्या वॉर्डात गेले होते.

आणखी एक तुलना मला झोपू देत नव्हती. आमच्या हॉस्पिटलात लग्न झालेल्या सिस्टरांच्या हातात काचेच्या बांगड्या असतात. मनगटावर बांगड्या असल्या की मनगट नीट धुतलं जात नाही, अंगठीखालच्या कातडीवर जंतू जास्त सापडतात, हे आम्ही शिकवतो. पण बांगड्यांबद्दल बोलायला आम्ही किती जपून गेलो होतो! दोन बैठका झाल्या. लॉकरमध्ये बांगड्या ठेवायला कापडी बटवे शिवून घेतले. एका सिस्टरांच्या सासूबाईंची समजूत घालायला मेट्रन मॅडम स्वतः घरी गेल्या. कुणाच्या हातातली बांगडी वॉर्डाच्या दारात फोडायची कल्पनासुद्धा आम्हाला सहन झाली नसती. जंतूला बांगडी आणि नख यांतला फरक कळत नाही. फरक आम्ही केला होता. एक सौभाग्याचं लेणं, म्हणून आदरानं सांगायचं. दुसरा तरुण पोरीचा नखरा, म्हणून ओढून काढायचा.

पार्लरच्या खुर्चीवर

उरलेली नऊ नखं काढायला मी मुलीबरोबर गेले. गावातल्या औषधाच्या दुकानावरची दहा बाय दहाची खोली, एक टेबल, एक दिवा, भिंतीवर रंगांचे नमुने. चालवणारी मुलगी पंचविशीची. तिनं आधी मधल्या बोटावरची पट्टी बघितली आणि विचारलं, "हे कुणी केलं?" मग दोघींकडे बघून गप्प झाली.

काढण्याची रीत मी पहिल्यांदाच पाहत होते. आधी वरचा चकचकीत थर फायलरनं हळूहळू खरवडून घेतला. गुलाबी भुकटी टेबलावर पसरली, खडे वेगळे निघाले. मग कापसाचे छोटे बोळे ॲसिटोनमध्ये भिजवून प्रत्येक नखावर ठेवले आणि वरून ॲल्युमिनियम फॉईलचे तुकडे गुंडाळले. नऊ बोटांना नऊ चंदेरी टोप्या. वीस मिनिटं. फॉईल काढली तेव्हा जेल मऊ पडून सुरकुतलं होतं, ते तिनं लाकडी काडीनं ढकललं आणि ते सालीसारखं सुटून आलं. खाली मुलीची स्वतःची नखं पातळ, पांढुरकी झालेली होती, पण शाबूत. तेल चोळलं. सगळ्याला पाऊण तास लागला. जे काम आम्ही पाच मिनिटांत कात्रीनं करायला निघालो होतो, त्याला मुळातच पाऊण तास आणि पन्नासएक मिली ॲसिटोन लागतं.

(फॉईलवरून आठवलं : ॲक्रेलिकची कृत्रिम नखं मुळात दंतवैद्याकडून आली. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या फ्रेडरिक स्लॅक नावाच्या दंतवैद्याचं नख काम करताना तुटलं, आणि त्यानं ॲल्युमिनियम फॉईलचा साचा करून दातांच्या ॲक्रेलिकनं ते जोडलं, अशी हकिकत सांगतात. तुटलेलं भरून काढायला लावलेला तो उपाय होता.)

बसल्या बसल्या मला तिथला एक वास ओळखीचा वाटू लागला. शेजारच्या खुर्चीवर दुसऱ्या गिऱ्हाईकाला ॲक्रेलिकची नखं चालली होती, पावडर आणि द्रव एकत्र करून. तो उग्र, गोडसर वास मी ऑपरेशन थिएटरमध्ये घेतला आहे. गुडघ्याचा सांधा बदलताना हाडाचं सिमेंट कालवतात तेव्हा तोच वास सुटतो. हाडाच्या सिमेंटमध्ये मिथाइल मेथाक्रिलेट असतं. नखांच्या द्रवात पूर्वी तेच वापरायचे. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं, १९७०च्या दशकात शुद्ध मिथाइल मेथाक्रिलेटच्या द्रवांवर कारवाई केली आणि चांगले व्यावसायिक इथाइल मेथाक्रिलेटकडे वळले. स्वस्त मालात जुनं रसायन अजूनही आढळतं. त्याची ओळख अशी की नख अतिशय कडक होतं, ॲसिटोनला दाद देत नाही, आणि धक्का लागला तर खालच्या खऱ्या नखासकट निघतं.

मग माझं लक्ष त्या पार्लरवालीच्या बोटांकडे गेलं. तिच्या अंगठ्याची आणि पहिल्या दोन बोटांची पेरं कोरडी, भेगाळलेली, लाल होती. मी विचारलं. "साबणानं होतं," ती म्हणाली. साबणानं पूर्ण हात खरबरीत होतो, तीन बोटांची टोकं नाही. अर्धवट सुकलेलं जेल कातडीला लागत राहिलं की अंगाला मेथाक्रिलेटची ॲलर्जी बसू शकते. ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ साली याबद्दल जाहीर इशारा दिला. त्यांनी तपासलेल्या रुग्णांपैकी २.४ टक्क्यांना यातल्या एका तरी रसायनाची ॲलर्जी निघाली होती. ही ॲलर्जी एकदा बसली की सहसा आयुष्यभर राहते. पुढे कधी दातात फिलिंग भरायचं झालं किंवा सांधा बदलायचा झाला तर डॉक्टरांना आधी सांगावं लागतं. युरोपीय संघानं जेल पक्कं करणाऱ्या टीपीओ नावाच्या एका घटकावर १ सप्टेंबर २०२५पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदी घातली आहे. आपल्याकडे त्या खोलीत बसून रोज सहा-सात हात करणाऱ्या मुलीला यातलं काही कुणी सांगितलेलं नव्हतं. तिनं एका महिन्याचा कोर्स केला होता, त्यात डिझाइन शिकवली होती.

नखांवरच्या वादात या मुलीचं मत कुणी विचारत नाही. मी विचारलं. ती म्हणाली, "मी गिऱ्हाईकाला आधी विचारते, काम काय करता? शिवणकाम असेल तर आखूड करा म्हणते. हिनं मला कॉलेज म्हटलं, नर्सिंग म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी तिला चिकटवायची नखं दिली असती. लग्नापुरती लावायची, रात्री काढून डबीत ठेवायची." चिकटवायची नखं दीडशे-दोनशे रुपयांना मिळतात, दुहेरी टेपनं बसतात आणि कोमट पाण्यात सुटतात. आमच्या केबिनमध्ये दोन तासांत कुणाला हे सुचलं नव्हतं.

मी तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे पॅच टेस्ट, म्हणजे कातडीवरची ॲलर्जीची चाचणी, करून घ्यायला सांगितलं आणि नायट्राइल ग्लोव्हजचा एक बॉक्स पाठवून दिला. ती आता ते घालून काम करते.

नख आणि नियम

तिसऱ्या आठवड्यात त्या मधल्या बोटाच्या नखाखाली, जिथं ते मांसापासून सुटलं होतं तिथं, हिरवट झाक दिसू लागली. पाठवलेल्या नमुन्यात सुडोमोनास निघाला, ओक्लाहोमातला तोच. ओलसर फट मिळाली की तो तिथं राहतो आणि आपल्या रंगद्रव्यानं नख हिरवं करतो. सुटलेला भाग कापून टाकला, बोट कोरडं ठेवलं, थेंब घातले. निरोगी मुलीला त्याचा फारसा धोका नसतो. पण ते बोट नवजात बाळाजवळ नेता येत नव्हतं. मुलीच्या लॉगबुकात डिलिव्हरीची पानं कोरी राहिली. मे महिन्यात सगळ्या घरी गेल्या तेव्हा ती एकटी होस्टेलवर राहून ती पानं भरत होती. सिस्टरांनी त्या महिन्यातल्या आपल्या रजा रद्द केल्या आणि तिच्या प्रत्येक केसला स्वतः उभ्या राहिल्या. त्यांनी तिची माफी मागितली की नाही मला माहीत नाही. मी मागितली.

नियम आम्ही काढून टाकला नाही. उलट तो जास्त कडक केला, कारण आता तो सगळ्यांना लागू आहे : मुली, मुलं, वॉर्डबॉय, आया, राउंडला येणारे डॉक्टर. अर्धा सेंटिमीटर, कृत्रिम नखं नाहीत, अंगठ्या नाहीत, मनगट मोकळं. चावलेली नखं आणि सोललेल्या कडाही आता बघतो, आणि अशा मुलीला शेरा देण्याऐवजी बसवून बोलतो. पोस्टिंगची तारीख आठवडाभर आधी कळवतो. कुणाच्या हाताला लांब किंवा कृत्रिम नखं आढळली तर तिला त्या दिवशी रेकॉर्ड रूममध्ये काम देतो आणि नीट काढून घ्यायला दोन दिवस देतो. कुणाच्याही नखाला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. सूचनेच्या कागदावर शोभतं, संस्कार, समाज हे शब्द नाहीत. त्यासाठी मला प्रिन्सिपॉल मॅडमशी तीनदा वाद घालावा लागला. सुट्टीतल्या नखांबद्दल त्या कागदावर एक अक्षरही नाही, ते आमचं कामच नाही.

पहिल्या आठवड्यात मी सगळ्यांच्या हातांना अतिनील टॉर्चखाली चमकणारं लोशन लावलं, नेहमीसारखे हात धुवायला सांगितले, आणि दिवे घालवून त्या टॉर्चखाली हात बघितले. धुणं जिथं पोचत नाही तिथं लोशन चमकत राहतं. मुलींच्या आखूड नखांच्या कडांनाही पातळ निळी रेघ होतीच. केसपेपरच्या खिडकीवरच्या क्लार्कच्या करंगळीखाली मात्र दिव्यासारखा ठिपका पेटला होता. त्यानं तो बराच वेळ बघितला. दुसऱ्या दिवशी ते नख गेलं होतं.

हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. मुलीच्या मधल्या बोटावर नव्या आणि जुन्या नखाच्या मध्ये एक आडवी कंगोरेदार रेघ होती. ती महिन्यामहिन्यानं पुढे सरकताना आम्ही दोघी बघत होतो. मार्चमध्ये मध्यावर, मेअखेरीस टोकाजवळ. जुलैच्या पहिल्या आठवड्यात, नाइट ड्युटीआधी ड्युटी रूमच्या दिव्याखाली बसून तिनं तो शेवटचा तुकडा कापला, कागदात गुंडाळला आणि टाकला. बाकीची नऊ नखं बघितली. एकही चावलेलं नव्हतं. मग हातांना रब लावून, टोकं तळव्यात फिरवत, ती लेबर रूमकडे गेली.